‘थांबा’ म्हटलं की थांबायचं

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर हा माणसाला भरपूर वेळ देणारा आजार आहे. तो ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची लागण टिकून राहिली, तरी कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं जातात. त्या मधल्या काळात एकदा जरी नीट तपासलं आणि पुढचे उपचार झाले, तरी बहुतेक वेळा पुढचं टळतं. तपासणीला लागतं काय, तर चांगला उजेड, एक स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून घालायचं साधन), कापूस आणि तीन ते पाच टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. ते लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. हिला व्हीआयए म्हणतात. डॉक्टरच हवा असं नाही, शिकलेली नर्स करू शकते. मी करते. २०१६ च्या सरकारी मार्गदर्शिकेत ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी असं लिहिलंय. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या बायकांत या कॅन्सरसाठीची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या किती सापडल्या? देशभरात शंभरात जेमतेम दोन.

हे का, असं आढावा बैठकीत विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: जनजागृतीचा अभाव. बायका लाजतात, अशिक्षित आहेत, दुखणी अंगावर काढतात. मग आणखी पत्रकं छापायची, आणखी एक रॅली काढायची.

मी पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका शहरी आरोग्य केंद्रात नर्स आहे. कंत्राटी, म्हणजे ऑर्डर नवी होईपर्यंत जीव टांगणीला. आमच्याकडे येणाऱ्या बायका धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या. त्या अडाणी आहेत असं मला कधीच वाटलं नाही. रेशनला गहू कोणत्या दिवशी येणार, कोणत्या शाळेत डोनेशन मागत नाहीत आणि कोणत्या दवाखान्यात कोणती सिस्टर खेकसते, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्या तपासणीला येत नाहीत त्यामागे माहितीच आहे, आणि ती स्वतःच्या अंगावर घेतलेली आहे.

(पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांची ओळख लागेल असं काही ठेवलेलं नाही. काही ठिकाणी दोघीतिघींचे अनुभव एकत्र केलेत.)

आतली तपासणी म्हटली की यातल्या बहुतेकींना एकच गोष्ट आठवते, बाळंतपण. तिथलं त्या आपणहून बोलत नाहीत, पण एकीनं सुरुवात केली की बाकावरच्या सगळ्या बोलायला लागतात. मांडीवर बसलेला फटका. भूल न देता घातलेले टाके. पडदा नसलेलं टेबल आणि समोरून ये-जा करणारे वॉर्डबॉय मामा. ‘नवऱ्याजवळ जाताना नव्हतीस रडत’ हे वाक्य तर वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या दवाखान्यांत बाळंत झालेल्या बायकांनी मला जवळपास त्याच शब्दांत सांगितलंय. कुठल्याही अभ्यासक्रमात ते नाही, तरी कसं कोण जाणे, सगळीकडे पोचलंय. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणला आणि प्रसूतिगृहात बाईला सन्मानानं वागवायचं हे निदान कागदावर आलं. पण आज चाळीस-पन्नाशीला असलेल्या बायकांची बाळंतपणं त्याच्या कितीतरी आधीची.

हे झालं दवाखान्यातलं. घरातलं वेगळंच. लहानपणी कोणी काय केलं, लग्नानंतर रोज रात्री काय होतं, हे पोटात ठेवून बाई समोर उभी असते. आपण तिला सांगतो, साडी वर घ्या आणि पाय बाजूला करा.

आणि जात. कचरा वेचणाऱ्या बायका बहुतेक दलित समाजाच्या. कितीतरी घरं ७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ओळखपत्रं मिळाली, शहराला यांचं काम मान्य करावं लागलं. तरी दवाखान्याच्या बाकावर शेजारची बाई पदर नाकाला लावून सरकतेच. एका मावशींनी मला सांगितलं होतं, ‘तपासायला आमचं काय नाही ओ सिस्टर, पण आधी दोन वेळा आंघोळ करून यावं लागतं, तेवढं पाणी कुठंय?’ यावर कुठलं पत्रक छापणार?

हे सगळं मला तुटक तुटक माहीत होतं. त्याला एकत्र धरणारी मांडणी एका प्रशिक्षणात मिळाली: समोरच्या माणसाच्या मनावर आधीच आघात झालेला असू शकतो, याचं भान ठेवून तपासायचं. आमच्या एमओ मॅडमनी, म्हणजे केंद्राच्या मेडिकल ऑफिसरनी, कुठून तरी ओळख काढून ते आमच्या केंद्रात ठेवलं होतं आणि फक्त नर्सेसना नाही, तर आशाताई, केसपेपर खिडकीवरचा मुलगा, लॅबवाला, सफाईच्या मावशी, सगळ्यांना बसवलं होतं. प्रशिक्षणं आम्हाला नवी नाहीत. वडापाव, चहा, सही, फोटो. त्यामुळे पहिला तासभर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे.

लक्ष वळलं ते फेलिटी नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या गोष्टीनं. १९८० च्या दशकात सॅन डिएगोमध्ये तो वजन कमी करायचा दवाखाना चालवत होता. लोक येत, वजन चांगलं उतरे, आणि ज्यांचं उतरतंय तेच मधेच सोडून जात. त्यानं सोडून गेलेल्यांना गाठून विचारायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की त्यांच्यापैकी कितीतरी जणांवर लहानपणी अत्याचार झाला होता. पुढे त्यानं अँडा या सहकाऱ्याबरोबर सतरा हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास केला. त्याचा पहिला निबंध १९९८ मध्ये आला. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारहाण असं जितकं जास्त वाट्याला आलेलं, तितकं मोठेपणी हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, नैराश्य, व्यसन यांचं प्रमाण जास्त. मला त्यातला सोडून जाणाऱ्यांचा भाग भिडला. आमच्याकडेही सोडून जाणाऱ्याच जास्त होत्या आणि आम्ही रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे ‘सहकार्य नाही’ असा शेरा मारत होतो.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा वहीत लिहून ठेवली. त्या अभ्यासातले लोक गरीब वस्तीतले नव्हते. विमा असलेले, बहुतेक गोरे, बरेच जण कॉलेज शिकलेले. म्हणजे मार, अत्याचार, घुसमट ही काही फक्त वस्तीतली गोष्ट नाही, प्रभात रोडवरच्या बंगल्यातही ती आहे. फरक नंतर पडतो. बंगल्यातली बाई खासगी डॉक्टरीण बदलून बघते, पैसे देऊन समुपदेशकाकडे जाते, पटलं नाही तर उठून येते. आमच्या बाईला एकच दवाखाना, एकच खिडकी. तिथे तिला पुन्हा तसंच वागवलं तर जायला दुसरी जागाच नाही, मग ती घरी बसते. आजार मात्र घरी बसत नाही.

तासाभरानंतर मॅडमनी स्वतः एक गोष्ट सांगितली, ती पुण्याचीच. १८९७ चा प्लेग. प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत घुसून झडती घेत, माणसांना बाहेर काढून तपासत, आजारी वाटला की उचलून नेत. रोग खरा होता, उपायांची गरज खरी होती, पण लोक रोगी लपवायला लागले. त्याच साली मुंढव्याजवळच्या वस्तीतलं प्लेग झालेलं एक पोर सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात नेलं आणि त्यातच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. एकच रोग, एकच शहर, एकच साल. मॅडम म्हणाल्या, ‘रोग्याला हात कसा लावायचा, हा प्रश्न पुण्याला सव्वाशे वर्षांपूर्वीच पडलेला आहे.’ चाफेकरांवर आम्ही शाळेत निबंध लिहिले होते, पण झडतीत बाहेर काढलेल्या बाईच्या बाजूनं तो प्रसंग कोणी सांगितला नव्हता.

मग मुख्य मुद्दा आला आणि त्यावर वादही झाला. कोणावर अत्याचार झालाय हे आपण कसं ओळखायचं? प्रत्येकीला खोदून विचारायचं का? नाही, असं उत्तर मिळालं. ग्लोव्हज आपण कोणाला हात लावताना घालतो? ज्याला एचआयव्ही आहे त्यालाच? कोणाला काय आहे हे माहीत नसतं म्हणून सगळ्यांनाच घालतो ना? हेही तसंच. कोणाच्या मनात काय आहे ते माहीत नाही, म्हणून सगळ्यांशीच असं वागायचं की जिला इजा झालीय तिला पुन्हा होऊ नये. बाईनं आपणहून सांगितलं तर ऐकायचं, विश्वास ठेवायचा, ती आज घरी सुरक्षित आहे का ते बघायचं आणि मदत जोडून द्यायची. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची पुस्तिका हेच क्रमानं सांगते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात तर २००० सालापासून ‘दिलासा’ केंद्र चाललंय, दवाखान्यातच हिंसेची दखल घेणारं. म्हणजे हे आपल्याकडे जमत नाही असं नाही.

एवढ्यात आमच्याकडच्या सफाईच्या मावशी उठल्या. त्यांचा आवाज मोठा, रांगेतल्या बायकांवर ओरडण्यात पहिला नंबर त्यांचा. म्हणाल्या, ‘हे सगळं बरोबर आहे. पण आमचं कोण ऐकणार? मला दोन लेकरं झाली, दोन्ही वेळा शिव्या खाल्ल्या. करोनात मी इथं फरशी पुसत होते तेव्हा घरमालकानं जिन्यातून वर येऊ दिलं नाही.’ त्यांचं संपल्यावर आशाताई सुरू झाल्या. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यात सापडले, नायडू रुग्णालयात ठेवले. पुढे भवानी पेठेसारखे भाग सील झाले. थर्मल गन घेऊन दारोदार फिरणाऱ्या या बायकांच्या तोंडावर लोकांनी दारं आपटली आणि घरी आल्यावर सासूनं मोरीतच ताट वाढलं. ती दुपार सगळी त्यातच गेली. पुढचा विषय राहिला तो राहिलाच. माझ्या मते तेच प्रशिक्षण.

त्यानंतर आम्ही काय काय बदललं ते सांगते. यात पैसा फारसा लागला नाही. कटकट खूप लागली.

सुरुवात केसपेपरच्या खिडकीपासून. तिथे ‘काय होतंय?’ असं मोठ्यानं विचारायची पद्धत होती. मागे रांगेत दीर उभा, शेजारीण उभी, आणि बाईनं सांगायचं की अंगावरून पांढरं जातं. बाई मग ‘डोकं दुखतंय’ म्हणते, डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन घरी जाते. आता खिडकीवर फक्त नाव, वय आणि वस्ती. तक्रार आत. नवऱ्याचं नाव विचारणं बंद केलं, कारण टाकलेल्या आणि विधवा बायकांना रोज तेच उगाळावं लागतं. मोबाइल नंबरचं मात्र आमच्या लक्षातच आलं नव्हतं, ते एका आशाताईनं दाखवलं. बाईकडे स्वतःचा फोन नसतो, ती नवऱ्याचा नंबर देते, आणि तपासणीचा मेसेज त्याच्या फोनवर जातो. संशयी नवऱ्याच्या घरी त्या एका मेसेजनं काय होऊ शकतं ते सांगायला नको. आता आम्ही विचारतो, ‘कोणाच्या फोनवर मेसेज आला तर चालेल?’ बऱ्याच जणी आशाताईचा नंबर देतात.

कागदांचंही असंच. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत भरदिवसा पाणी घुसलं. पुढच्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. आमच्याकडे येणाऱ्या काही बायकांची घरं या दोन्हींत गेलेली. त्यांना ‘आधार आणलंय का? रेशनकार्ड कुठंय?’ असं फटकारून विचारलं की त्या एकदम गप्प होतात, आणि पुढच्या वेळी येत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी पुढे कागद लागतात हे खरं, पण व्हीआयएला लागत नाहीत. जिथे लागत नाहीत तिथे मागायचे नाहीत, एवढं ठरवलं. एक बाई तर दर वर्षी भाद्रपदाच्या सुमाराला, पाऊस लागला की घर सोडून कुठेच जात नाही. तिला आम्ही त्या दिवसांतली तारीखच देत नाही. आधी तिच्यापुढेही तोच ‘सहकार्य नाही’ शेरा होता.

तपासणीच्या खोलीचं सांगते. टेबल असं होतं की झोपलेल्या बाईचे पाय दाराकडे. कोणी दार उघडलं की पहिलं दिसणार तेच. इतकी वर्षं ते तसंच होतं आणि आत येणारे आम्ही सगळे कपडे घातलेले, म्हणून कोणाला खटकलं नव्हतं. टेबल फिरवलं. कोपऱ्यात फिनेलचा डबा आणि झाडू ठेवायचे, ते घ्यायला कोणी ना कोणी आत यायचं. ते बाहेर हलवले. साडी पूर्ण सोडायला न लावता कमरेवर पांघरायला एक स्वच्छ चादर ठेवली. चादरींच्या धुलाईवरून जे राजकारण झालं ते वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दाराच्या कडीनं मात्र आम्हाला कोड्यात टाकलं. आम्ही समजून चाललो होतो की आतून कडी लावली की बाईला बरं वाटेल. बहुतेकींना वाटतंच. पण एक बाई कडीचा आवाज ऐकताच टेबलावरून उठून बसली, घामानं भिजली, आणि ‘उघडा, उघडा’ एवढंच म्हणत राहिली. का, ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. कडी काढली, पडदा ओढला, बाहेर आशाताईला उभं केलं. त्या दिवसापासून कडीचं आम्ही ठरवत नाही, विचारतो. कोणाला लावायची असते, कोणाला नको, कोणाला आपली जाऊ आत हवी असते, तर कोणाला नेमकी जाऊच नको असते.

बोलण्याच्या सवयी बदलायला सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘अंग सैल सोड’ हे आम्ही दिवसातून कितीदा म्हणतो! हे वाक्य एखादीनं याआधी कोणाच्या तोंडून आणि कशा वेळी ऐकलं असेल, याचा विचार कधी केला नव्हता. ‘थोडंसंच आहे, सहन करा’ हेही तसलंच. आता आधी स्पेक्युलम हातात देते. गार लागतो, म्हणून कोमट पाण्यातून काढते. काय करणार ते आधी सांगते, करताना पुन्हा सांगते: आता माझा हात गुडघ्याला लागेल, आता गार लागेल, आता मिनिटभर काहीच नाही, फक्त थांबायचं. एकेरी हाक बंद. आणि सुरू करायच्या आधी एक करार: तुम्ही ‘थांबा’ म्हणालात की मी थांबणार. कारण विचारणार नाही.

हा करार करणं सोपं आहे, पाळणं अवघड. बाहेर बायका ताटकळलेल्या, अर्ध्यावर आलंय, आणखी मिनिटभरात होईल, आणि ती म्हणते थांबा. हात थांबत नाही, खरंच सांगते. हाताला पुरं करायची सवय असते. पहिल्यांदा असं झालं ती बाई वीटकामावरची होती, पंचेचाळिशीची. मी सगळं काढून घेतलं, चादर नीट केली, पाणी दिलं. ती म्हणाली, ‘थांबलात की!’ तिला ते खरं वाटत नव्हतं. कपडे नीट करून ती निघून गेली, तपासणी झालीच नाही. त्या महिन्यात किती तपासण्या झाल्या त्याच्या तक्त्यात ती कुठेच नाही. काही महिन्यांनी ती आली, बरोबर बहिणीला घेऊन. ‘हिचं आधी करा, मी बघते’ म्हणाली. बहिणीचं झालं, मग तिचंही झालं. स्पेक्युलम मात्र तिनं माझ्या हाताला धरून स्वतःच्या हातानं आत सरकवला. तसं चालतं, हे मला प्रशिक्षणातच कळलं होतं. कॉलेजात हे कोणी सांगत नाही.

आता तक्त्याबद्दल. आधी आम्ही शिबिरं घ्यायचो. आशाताई घरोघरी जाऊन, थोडं गोड बोलून, थोडं दटावून बायका आणायच्या आणि एका सकाळी भराभर तपासण्या उरकायच्या. आकडे छान दिसायचे. नव्या पद्धतीत एकेकीला वेळ लागतो, त्यामुळे आकडे खाली आले आणि बैठकीत आमच्या केंद्राचं नाव लाल रंगात. मला तिथे उत्तर देता आलं नाही. मॅडमनी दिलं. त्यांनी जुनी रजिस्टरं काढून विचारलं, शिबिरात ज्यांची व्हीआयए पॉझिटिव्ह आली त्यातल्या पुढच्या तपासणीला पोचल्या किती? नुसतं पॉझिटिव्ह आहे हे कळून काही उपयोग नाही, पुढे कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयाचं तोंड बघायची तपासणी) आणि गरज असेल तर उपचार व्हायला हवेत. शिबिरातल्या बऱ्याच जणी पुढे गेल्याच नव्हत्या. नव्या पद्धतीतल्या बहुतेक जणी जातायत. बैठकीतल्या साहेबांना हे पटलं की नाही माहीत नाही, पण पुढच्या महिन्यापासून तक्त्यात ‘पुढे पोचल्या’ असा एक रकाना आला. लाल रंग अजून आहेच.

इथेच आमची हद्द संपते. पुढचं मोठं रुग्णालय आमच्या हातात नाही. आम्ही इकडे कडी विचारून लावतो आणि तिकडे बाईला एकाच वेळी सहा-सात शिकाऊ डॉक्टरांसमोर झोपवतात. कोणी तिला विचारत नाही की हे सगळे इथे असले तर चालतील का. शिकाऊंना शिकायचंच आहे, मीही तशीच शिकले. पण विचारायला काय जातं? तिथल्या एका सिस्टरशी माझी ओळख झालीय. चिठ्ठीवर मी तिच्यासाठी एक ओळ लिहिते: ‘हळू, सांगून, कमी माणसांत.’ कारण लिहीत नाही. ती ड्यूटीवर असेल तर होतं, नसेल तर नाही. ओळखीवर चालणाऱ्या गोष्टीला व्यवस्था म्हणत नाहीत, हे मलाही कळतं.

आशाताई बरोबर जाते तेव्हा खूप फरक पडतो. कोणती खिडकी, कोणता मजला, जेवणाच्या सुट्टीआधी नंबर लागेल का, एवढं माहीत असलेलं माणूस सोबत असलं तरी बाईचा अर्धा धीर टिकतो. आशाताईला मात्र त्या दिवसाचे जे मिळतात त्यात रिक्षाचं भाडंही निघत नाही.

आणि खाडा. हा सगळ्यात वरचा अडथळा आणि त्यावर कुठल्याही हळुवार बोलण्याचं औषध चालत नाही. आमची ओपीडी सकाळी, धुणीभांड्यांची कामं सकाळी, कचऱ्याच्या गाड्या सकाळी. तपासणीला यायचं म्हणजे खाडा, खाडा म्हणजे पैसे कापले, आणि दोन खाडे झाले की मॅडम दुसरी बाई बघतात (या मॅडम म्हणजे बंगल्यातल्या). मनावरच्या आघाताचं भान ठेवा असं सांगणाऱ्या सगळ्या मांडण्यांत रोजंदारी कापली जाण्याच्या भीतीबद्दल मला फार कमी ऐकायला मिळालं. आम्ही आठवड्यातून एक दुपार उघडी ठेवून बघितली. कामं आटोपून, पोरांना शाळेतून आणून बायका यायला लागल्या. कचरा वेचणाऱ्या मावशी आल्या तेव्हा आमच्याकडच्या मावशींनी मागच्या मोरीत बादलीभर पाणी आणि साबण ठेवला, कोणी सांगितलं नव्हतं. ओरडणं त्यांचं अजूनही तेवढंच आहे, फक्त आता पुष्कळदा ते पदर नाकाला लावणाऱ्यांवर असतं.

मावशींची स्वतःची तपासणी अजून झालेली नाही. मी दोनदा विचारलं, त्या ‘बघू’ म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा विचारणार नाही, त्यांना ठाऊक आहे टेबल कुठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत एचपीव्हीच्या तपासणीसाठी बाईनं स्वतःच नमुना घेण्याची पद्धत दिलीय. काडी घ्यायची, आडोशाला जायचं, स्वतः घेऊन द्यायचं. ती आमच्या केंद्रात आली तर मावशी पहिल्या असतील असं त्यांनीच सांगून ठेवलंय. पण तिचा खर्च व्हिनेगरपेक्षा कितीतरी जास्त, आणि आमच्यापर्यंत ती पोचलेली नाही.

सध्या अडलंय ते दुपारच्या ओपीडीचं. ती कुठल्याही आदेशात नाही, आम्ही आपसांत ड्यूट्या जुळवून चालवतो. एक नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेल्यापासून जुळवाजुळव होईना. मॅडमनी वर अर्ज दिलाय की ही दुपार अधिकृत करा आणि एक माणूस द्या. अर्जाला जोडायला आशाताईंनी वस्तीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे गोळा केलेत. उत्तर यायचंय. तोवर या गुरुवारी मी आणि मॅडम दोघीच आहोत, म्हणून आशाताईंना निरोप दिलाय की मोजक्याच बायकांना बोलवा, आणि त्यांत मागच्या वेळी ‘थांबा’ म्हणून गेलेल्या दोघींना आधी विचारा.